बर्डीवर पायी चालताना आठवलं बार्सिलोना

संपादक साहेब, नमस्कार.

काल बर्डीवर, म्हणजे आपल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, फुटपाथ शोधत दोन स्कूटरच्या मधून आडवं होऊन निघालो अन बार्सिलोना आठवलं. काही वर्षांआधी आमची क्रूझ तिथं संपली, विमान रात्रीचं, टूरवाल्यानं हात वर केले, मग मी अन सौ. निघालो पायीच. बंदराजवळ कोलंबसचा ६० मीटर उंच खांब आहे, १८८८ चा, तिथूनच ला रांब्ला नावाचा रस्ता सुरू होतो, सव्वा किलोमीटरभर, अन गंमत म्हणजे पायी चालणारे रस्त्याच्या मधोमध, गाड्या बिचाऱ्या दोन्ही कडेनं! वाटेत जमिनीतच जोआन मिरो या चित्रकाराचं गोल मोझॅक आहे, १९७६ चं, लोक त्यावरून बिनधास्त चालतात, सौ. मात्र रांगोळी असल्यासारखी बाजूनं गेली. बोकेरिया बाजारात कापलेल्या फळांचा ग्लास घेतला, महागच, आपल्या संत्र्याची सर नाही. खिसेकापू तिथं भरपूर हे पण सांगतो, उगाच सगळं गोड नको.

आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ डिग्री असते मान्य आहे हो, पण दिवाळीनंतर संध्याकाळी बर्डीचा मेन रोड फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवून बघा की, निदान रविवारी. गाडी लांब लावून पहिला मी येतो.

- एक पायी फिरणारा, धरमपेठ, नागपूर