रस्ता वर आला, घर खाली गेले

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

उपनगरात बैठे घर घ्यावे की नाही असे तू विचारलेस आणि घर पाहताना काय तपासावे याची यादीही मागितलीस. यादी देण्यापेक्षा आमच्या घराचेच सांगतो, कारण घर पाहायला गेलेला माणूस छत, फरशी, खिडक्या बारकाईने न्याहाळतो, पण फाटकाबाहेर उभे राहून रस्ता उंच आहे की घर, एवढे मात्र पाहत नाही.

वडिलांनी घर बांधले तेव्हा अंगणातून ओसरीवर चढायला चार पायऱ्या होत्या. आज दोन उरल्या आहेत. रस्त्याचे डांबरीकरण दर वेळी जुना थर खरवडून न काढता त्याच्यावरच होत गेले, रस्ता चार-चार बोटे वर येत गेला आणि पावसाचे पाणी आत शिरू लागल्यावर आम्ही अंगणात भराव घातला. फाटक रस्त्याला घासू लागले म्हणून ते खालून दोनदा कापले. त्या कापलेल्या कडेला रंग कधीच नीट धरला नाही.

भराव घालताना आमच्या लक्षात आले नाही की जोत्यातला ओल अडवणारा थर आपण मातीखाली गाडत आहोत. विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने वर चढते आणि त्याला थोपवणारा तो थर जमिनीच्या वर असेल तरच उपयोगी पडतो, हे पुढे कळले. मागच्या खोलीत गुडघ्याइतक्या उंचीवर पिवळसर रेघ उमटली, तिच्या काठाने पांढरा लोणा फुटला आणि नखाने टोकरले की गिलावा पिठासारखा बोटांवर येऊ लागला. गवंड्याने वरून सिमेंटचा घट्ट गिलावा केला. वर्षभर भिंत कोरडी दिसली. मग तीच रेघ कमरेपर्यंत गेली, कारण ओलीला बाहेर पडायची वाट आम्हीच बुजवली होती.

खरा उपाय भिंतीलगतचा भराव काढून तिथे उताराचे गटार करण्याचा होता आणि इथेच शेजार आडवा आला. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी १,००० लिटर पाणी होते आणि आमचे ते सगळे उताराने मागच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाशी जाऊन साचत असे. या पाण्यावरून दोन घरांत काही वर्षे अबोला होता. शेवटी एका मुसळधार दुपारी मी छत्री घेऊन त्यांच्या आवारात गेलो, त्यांच्या भिंतीवरही तशीच रेघ पाहिली आणि दोघांनी मिळून एकच गटार दोन्ही आवारांतून नेले. उतार नेमका किती ठेवायचा यावर वाद झालाच, पण तो चहा पिता पिता झाला.

शहराच्या सोयी आणि गावाची मोकळीक एकाच ठिकाणी मिळावी, ही कल्पना इंग्रज नगरविचारक एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये मांडली आणि १९०३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यानुसार लेचवर्थ या नगराची उभारणी सुरू झाली. आमच्या वसाहतीत कधी कधी दोन्हीकडच्या अडचणीच तेवढ्या आल्या असे वाटते. तरीही फाटकाच्या करकरीवरून कोण घरी आले हे मला आतल्या खोलीत बसून ओळखता येते आणि एखादे फाटक रोजच्या वेळी वाजले नाही तर कोणीतरी चौकशीला जाते. हे सुख मी सोडणार नाही.

तेव्हा तू पाहिलेले घर भर पावसात पुन्हा एकदा पाहून ये, जोत्याच्या पायऱ्या मोज आणि शेजाऱ्यांना पाणी कुठे जाते ते विचार. त्याआधी इकडे एक चक्कर मार, म्हणजे ती भिंत दाखवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना मित्र

ता. क. येशील तेव्हा फाटक जरा उचलून लोट, अजून अडते.