आधी रिमोट, मग गाडी

नाशिक, ता. ८ नोव्हेंबर

प्रिय संज्या,

तुझ्या रिमोटवरच्या गाडीचा फोटो मिळाला. पंचवीस वर्षं दुकानाच्या काचेला नाक लावून झालं, शेवटी घेतलीस एकदाची! पण त्याच फोटोत मागे सोफ्यावर चार्जिंगला लावलेली बॅटरी दिसली, आणि म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं तर तू नुसता ‘हो हो’ करतोस.

आधी माझी फजिती ऐक. शाळेच्या मैदानावर रविवारी गाडी पळवून झाली. मी रिमोट बंद केला आणि गाडी उचलायला वाकलो. गाडी चालूच होती. सिग्नल तुटला की गाडीनं थांबावं म्हणून गाडीतल्या रिसीव्हरमध्ये फेलसेफ असतो. तो सेट करताना माझं बोट नेमकं रिमोटच्या वेगाच्या ट्रिगरवर होतं. म्हणजे सिग्नल गेला की थांबायचं सोडून अर्धा थ्रॉटल (वेग) द्यायचा, असंच ते येडं शिकून बसलेलं! हातातच चाकं भिरभिरली, अंगठ्याची सालटी निघाली आणि गाडी सुटली ती थेट पाण्याच्या टाकीवर. पुढचा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, गेला. ती पोरांकडे वळली नाही, हे नशीब.

तेव्हा चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग रिमोट. कासरा हातात घेतल्याशिवाय आपण दावणीचा बैल सोडतो का? आणि आजच गाडी एखाद्या डब्यावर ठेव, चाकं अधांतरी राहू देत. थोडा थ्रॉटल देऊन रिमोट बंद कर. चाकं थांबली पाहिजेत. बोटं पिनियनपासून, म्हणजे मोटरच्या दातेरी चाकापासून, लांब ठेव.

आता बॅटरी. तुझी लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी दोन सेलची आहे, ७.४ व्होल्टची. भरली की ८.४, म्हणजे सेलमागे ४.२, त्यावर एक टिकलीभरही नको. चार्जर लिपोच्याच बॅलन्स मोडवर ठेव, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरतात. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअर पुरे, घाई कशाला? पळवून आणलेली गरम बॅटरी आधी निवू दे. चार्जिंग फरशीवर, पडद्यापासून लांब, आणि तू जागा असताना. रात्री लावून झोपायचं नाही. ईएससीचा, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा, लिपो कटऑफ चालू आहे ना, तेही बघ; तो बॅटरी फार उतरू देत नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी कामातून गेली समज. आठवडाभर गाडी काढणार नसशील तर सेलमागे ३.८ वर आणून ठेव. पापडासारखी फुगली तर मोह सोड आणि ई-कचऱ्यात दे. घंटागाडीत टाकू नकोस, दाबली गेली तर पेट घेते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवण्याचा बेत मात्र मला मुळीच पसंत नाही. दोन किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरनं नडगीवर आली, तर तिसऱ्या मजल्यावरून वरवंटा पडल्यासारखंच. त्यात पोरं गाडीपासून पळत नाहीत, गाडीकडे पळतात. रिमोटवर थ्रॉटलची मर्यादा असते, पहिला महिना निम्म्यावर ठेव. भाच्याच्या हाती द्यायची तर पाव.

डब्यावरची चाचणी झाली की कळव. माझ्याकडे जुना आर्म पडलाय, तुझ्या गाडीला बसतो का बघू. वहिनींना नमस्कार सांग, आणि तो सोफा त्यांना परत दे.

तुझा,
बंड्या