संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र : वर्गणी आधी घेतलीत, आता डॉक्टर द्या

प्रति,
माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, जय हिंद.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा निवृत्त हवालदार. राहतो पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यात, जिथं घरटी एक माणूस फौजेत जाऊन आलेला आहे. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

गेल्या आठवड्यात पहाटे माझ्या पत्नीच्या छातीत दुखायला लागलं. तिची अँजिओप्लास्टी पूर्वी झालेली आहे, त्यामुळे वाट बघत बसायचा प्रश्नच नव्हता. भाड्याची गाडी करून तिला शहरातल्या, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, असलेल्या हॉस्पिटलात नेलं. काउंटरवरच्या मुलीनं आमचं कार्ड उलटून पाहिलं आणि काचेखालून परत सरकवलं. "काका, ईसीएचएस सध्या बंद आहे. वरून बिलं पास होत नाहीत. डिपॉझिट भरा, नाहीतर दुसरीकडे बघा." पत्नी शेजारीच व्हीलचेअरवर होती, एक हात छातीवर, दुसऱ्या हातात जुन्या रिपोर्टांची पिशवी. तिनं सगळं ऐकलं. मला म्हणाली, "चला घरी. मला आता बरं वाटतंय." तिला बरं वाटत नव्हतं, मंत्रिमहोदय. पैशाचं ऐकून ती तसं म्हणाली.

मुलानं मित्राकडून पैसे मागवून डिपॉझिट भरलं. उरलेल्या बिलासाठी दुसऱ्या दिवशी तिच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या. वन रँक वन पेन्शनची थकबाकी मिळाली तेव्हा केलेल्या पाटल्या होत्या त्या. सरकारनं दिलेलं सरकारच्याच योजनेपायी गेलं.

आपल्याच खात्याचा नियम सांगतो. तातडीच्या वेळी पॅनेलवरच्या हॉस्पिटलनं रेफरल, म्हणजे पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, न मागता रुग्ण दाखल करून घ्यायचा, दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला, म्हणजे योजनेच्या दवाखान्याला, कळवायचं, रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. हे मी त्या मुलीला सांगितलं. ती म्हणाली, मॅनेजमेंटशी बोला. मॅनेजमेंट सकाळी दहाला येणार होतं.

ईसीएचएस १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. ती फुकट नाही, हे लोकांना माहीत नसतं. आज निवृत्त होणारा हवालदार ३०,००० रुपये भरतो, सुभेदार ६७,०००, अधिकारी १,२०,०००. हे पैसे आधी, एकरकमी घेतले जातात. आमची वर्गणी कधी थकत नाही, कारण ती थकू दिलीच जात नाही. मग हॉस्पिटलांची बिलं कशी थकतात? २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ६,९६८ कोटी दिले, २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. कागदावर रक्कम दरवर्षी वाढते आणि आम्हाला काउंटरवर "बंद आहे" हेच ऐकायला मिळतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१५ साली या योजनेवर अख्खा अहवाल लिहिला. औषधांचा तुटवडा, बिलांचा उशीर, सगळं त्यात आलं होतं. तो कुणी वाचला?

आता डॉक्टरबद्दल. माझ्या पत्नीला वर्षानुवर्षं तपासणारे डॉक्टर आमच्या तालुक्याच्या गावात बसतात. तिला कोणती गोळी सोसत नाही, हे त्यांना फाइल न उघडता माहीत आहे. पण ते पॅनेलवर नाहीत. का नाहीत, तर सरकारी दर परवडत नाहीत आणि तेही पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, असं ते स्वतः सांगतात. २०२३ पर्यंत तज्ज्ञ डॉक्टरनं रुग्ण तपासायचे १५० रुपये ठरलेले होते. मग ३५० झाले. एवढ्या पैशात चांगला डॉक्टर पॅनेलवर का टिकेल? म्हणून आम्ही आधी पॉलिक्लिनिकला जायचं, नंबर लावायचा, रेफरल घ्यायचं, मग शहर गाठायचं, आणि तिथं दर वेळी नवा तरुण डॉक्टर पहिल्यापासून विचारणार : काय होतंय? पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर मनानं चांगले असतात, हेही सांगायला हवं. पण ते कंत्राटी. ओळख होते न होते तोच कंत्राट संपतं आणि खुर्ची रिकामी होते. खिडकीवर रक्तदाबाच्या गोळ्या मागितल्या की चिठ्ठीवर "एनए", म्हणजे उपलब्ध नाही, असं लिहून मिळतं. मग बाहेरून विकत घ्या, पावती जोडा, क्लेम टाका, वाट बघा. माझ्यासारख्या दोन अक्षरं शिकलेल्याला हे जमतं. गावातली ऐंशीच्या घरातली सुभेदारीणबाई, पती वारलेले, मुलगा सुरतेला, तिनं क्लेम कसा टाकायचा? ती गोळ्याच अर्ध्या करून खाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले, म्हणून. गेल्या मेळाव्यात आम्हाला शाल दिली, नारळ दिला आणि व्यासपीठावरून शब्दही दिला की पॉलिक्लिनिकमध्ये हृदयरोगतज्ज्ञ बसेल आणि तालुक्यातली हॉस्पिटलं पॅनेलवर येतील. आम्ही टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञ आला नाही. तालुक्यातलं एक हॉस्पिटल वाढलं नाही.

मी सियाचीनला होतो. पायाची दोन बोटं हिवाळ्यात अजून बधिर होतात. तिथं आजारी पडलो तर हेलिकॉप्टर येईल याची खात्री होती आणि ते यायचं. वर्दी उतरली आणि ती खात्री संपली. एकदा निवडून आलेल्या माजी खासदाराला आज महिना ३१,००० रुपये पेन्शन आहे, वर सरकारी उपचारांची सोय आहे. आणि २०२२ पासून भरती होणारा अग्निवीर? चार वर्षांनी घरी येणाऱ्या पोराला ना पेन्शन, ना ईसीएचएस. माझा पुतण्या त्यातलाच एक. सीमेवर उभा राहण्याचं वय वीस आणि दवाखाना लागण्याचं वय साठ, हा हिशेब दिल्लीत कुणी मांडला होता का? देशभक्तीची भाषणं ऐकून आमचे कान किटले आहेत.

मागणं फार नाही. हॉस्पिटलची बिलं ठरलेल्या मुदतीत चुकती करा आणि तातडीच्या रुग्णाला परत पाठवणाऱ्यावर कारवाई करा. हृदय, किडनी, कॅन्सरच्या रुग्णाला दर वेळी रेफरलसाठी पळवू नका. एकदा दिलेलं वर्षभर चालू द्या. आणि जवळचा, ओळखीचा डॉक्टर पॅनेलवर नसेल तरी त्याच्याकडे जाऊ द्या, सरकारी दरानं जेवढे होतील तेवढेच पैसे आम्हाला परत द्या, वरचे आम्ही भरू. यात सरकारचा एक रुपया जास्त जात नाही.

पत्नीची पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी लेखी उत्तर हवं. पोच नको, उत्तर हवं. ते आलं नाही तर हेच पत्र, हॉस्पिटलच्या बिलासह, आमच्या तालुक्यातले सगळे माजी सैनिक सही करून आपल्याला पुन्हा पाठवतील.

आपला,
एक निवृत्त हवालदार
मराठा लाइट इन्फंट्री