शिंग्रोबाच्या देवळासाठी आवाहन

घाटाखालचे नि घाटावरचे सर्व ग्रामस्थ, धनगर बांधव आणि गाडीवाले मित्र यांना सप्रेम नमस्कार.

पाऊस महिन्यावर आलाय आणि बोरघाटातल्या आपल्या शिंग्रोबाच्या देवळापुढच्या शेडचा पत्रा चार ठिकाणी गंजून फुटलाय. "थोडक्यात लिहा" असं अध्यक्षांनी बजावलं आहे. तरी आधी ज्यांनी दिलं त्यांचं नाव न काढता पुन्हा हात पसरायला मन घेत नाही.

मागचं रंगकाम झालं ते गवंडीमामांच्या जिवावर. मजुरी म्हणून एक नारळ घेतला, तोही देवापुढेच फोडला. पितळी घंटा एका ट्रकवाल्या सरदारजींची. उतारावर ब्रेक गेला, त्यातून वाचले आणि पुढच्याच फेरीला घंटा घेऊन हजर. चिक्कीच्या दुकानांतल्या पोरांनी आपसात वर्गणी काढून कठडा बसवला. आणि आपल्या आजीबाई! चालत्या गाडीतून फेकलेलं नाणं देवाच्या पायाशी क्वचितच पोचतं, ते जातं गटारात नि गवतात. आजीबाई दर रविवारी वाकून वाकून ती वेचतात. पिशवी ओतली की माती, काड्या आणि हमखास एखादं बंद झालेलं चार आण्याचं नाणं निघतं. ते कोण टाकतो, देव जाणे! पण वर्षाची तेलवात त्या पिशवीवर चालते.

नाणं कोणासाठी टाकलं, हे मात्र टाकणाऱ्याला विचारून बघा. "घाटातला देव," एवढंच सांगतील. आख्यायिका अशी, की हा देव मेंढरं राखणारा धनगर होता. इंग्रज साहेबाला घाट चढायची वाट सापडेना, ती याने दाखवली, कारण त्याची मेंढरं रोज तिथूनच जात. बक्षीस काय हवं विचारलं, तर म्हणाला, "आमचं स्वातंत्र्य द्या." साहेबाने गोळी घातली. 1929 साली धनगर समाजाने देऊळ बांधलं.

ही वाट सडकेची की रेल्वेची, यावर आपल्या तीन बैठका वाया गेल्या. सडक 1830 ची, रेल्वे 1863 ची. लहानपणी माझ्या कानावर रेल्वेचीच गोष्ट पडली, पण हट्ट नाही. रेल्वेच्या कागदांत 25 बोगदे मोजलेले आहेत. कंत्राटदार ट्रेडवेल 1859 मध्ये वारला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, काम पुढे नेलं, हेही लिहिलेलं आहे. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते, त्यातले कित्येक पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, पटापट मेले. त्यांची नावं कुठे आहेत? शिंग्रोबाचं नाव टिकलं ते लोकांच्या तोंडी. म्हणून देवळाजवळ दगडी फलक लावायचा ठरलंय. त्यावर आख्यायिकेला आख्यायिका म्हणायचं आणि सालं वेगळी द्यायची. मजकूर शाळेच्या मराठीच्या बाईंनी तपासून दिलाय.

एक बोलतोच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घाटातला जुना अमृतांजन पूल पाडला, तेव्हा महिनाभर सगळ्यांचे स्टेटस त्याच फोटोंचे. देऊळ अजून उभं आहे. मागच्या वर्षी हेच आवाहन ग्रुपवर टाकलं तर अंगठे आले 64, माणसं आली पाच. त्यात दोघं आमच्या घरचीच.

पत्रे, अँगल, फलक, मजुरी मिळून अंदाजे 38,000 रु.; हातात 11,400. रोख खजिनदारांकडे द्यावी, पावती मागून घ्यावी. खाते क्रमांक देवळातल्या फळ्यावर. सिमेंट-वाळू चालेल, जुने पत्रे नकोत. श्रमदान येत्या रविवारी सकाळी 7, टेम्पो खोपोली एसटी स्टँडवरून, घमेलं-फावडं आपापलं, चहा-पोहे मंडळाकडून. गाड्या वळणावर लावू नयेत.

आपला,
चिटणीस

ता.क. पत्रा निळाच येणार आहे. रंगावर चर्चा नको.