घोडा दोनदा हलवला म्हणून चाल वाईट ठरत नाही

संपादक महोदय,

बुद्धिबळाच्या सुरुवातीच्या नियमांवरचा तुमचा लेख वाचला. लेख चांगलाच आहे पण त्यातलं एक वाक्य मनाला खटकलं, की ओपनिंगमधे, म्हणजे डावाच्या सुरुवातीला, एकच मोहरा दोनदा हलवायचा नाही, हलवला तर वेळ गेलाच समजा. नवशिक्याला हे सांगायलाच पाहिजे, मान्य. पण तिथेच थांबलं तर पुढे मुलं चाल न बघता नुसता नियम बघतात.

रुय लोपेझचंच घ्या ना. १५६१ मधे ज्या स्पॅनिश पाद्र्याचं पुस्तक आलं त्याच्या नावाची ही ओपनिंग, जगात सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या ओपनिंगांपैकी एक. दोघांची राजापुढची प्यादी ई४ आणि ई५ वर, पांढऱ्याचा घोडा एफ३ वर, काळ्याचा सी६ वर (अक्षर म्हणजे पटाची उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ), आणि तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा उंट बी५ वर आला की काळा बहुतेक वेळा प्यादं ए६ नाहीतर घोडा एफ६ खेळतो. पण तिसऱ्याच चालीला सी६ वरचा घोडा उचलून सरळ डी४ वर ठेवायचा, ह्याला बर्ड डिफेन्स म्हणतात. १८५१ ची लंडन आणि १८९५ ची हेस्टिंग्ज अशा दोन्ही स्पर्धा खेळलेल्या हेन्री बर्ड ह्या इंग्लिश खेळाडूवरून हे नाव पडलं.

आता चाली मोजून बघा. काळ्याचा घोडा दोनदा हलला हे खरं, पण पांढरा तो मारतो तेव्हा त्याचाही घोडा दुसऱ्यांदाच हलतो आणि ई५ च्या प्याद्याने मारल्यावर दोन्ही घोडे पटाबाहेर, मग वेळ नक्की कोणाचा गेला? शिवाय पुढे काळा सी६ खेळला की बी५ वरच्या उंटाला परत हलावं लागतं. काळ्याची डी७ आणि डी४ अशी एकाच उभ्या पट्टीतली दोन प्यादी होतात, ती दिसायला वाईट, आणि पांढऱ्याला राजाच्या बाजूला एक प्यादं जास्त मिळतं, एफ४ ढकलून तो जोर करू शकतो, हे मी नाकारत नाही. पण ते डी४ चं प्यादं पांढऱ्याच्या दुसऱ्या घोड्याला सी३ वर येऊच देत नाही, हे खेळताना फार जाणवतं.

आणि पांढऱ्याने घाई केली तर? चौथ्या चालीला घोड्याने ई५ चं प्यादं खाल्लं की काळा वजीर जी५ वर. मग वजीर आणि हत्ती एकदम पकडायच्या मोहात घोडा एफ७ वर गेला तर वजीर जी२ खातो, हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ खाऊन शह देतो, उंट ई२ वर मधे येतो आणि काळ्याचा घोडा एफ३ वर, मात! उंट पिन झालेला असतो, म्हणजे तो हलला तर मागच्या राजाला वजिराचा शह बसतो, म्हणून त्याला घोडा मारता येत नाही. दोनदा हलवला म्हणून नावं ठेवलेला तोच घोडा इथे तिसऱ्यांदा हलून मात करतो.

ह्याच बचावातला माझा सगळ्यात आवडता डाव १८५९ चा, ब्रेस्लाऊचा (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ), पांढऱ्याकडे आन्डरसेन आणि काळ्याकडे माक्स लांगे. आन्डरसेन म्हणजे १८५१ ची लंडन स्पर्धा जिंकलेला माणूस! लांगेचा जी४ वरचा उंट मरणार होता पण त्याने तो हलवलाच नाही, नवव्या चालीला ते दिसायला वाईट डी४ चं प्यादं एक घर पुढे डी३ वर ढकललं आणि त्यामुळे सी५ पासून जी१ पर्यंतचा तिरका रस्ता मोकळा झाला. पुढच्याच चालीला दुसऱ्या उंटाचा शह, मग जी३ वर घोडा दिला, मग एच५ वर हत्तीही दिला आणि डाव जिंकला.

माझ्यासमोर कोणी पहिल्यांदा घोडा डी४ खेळलं तेव्हा माझं सगळं पाठांतर तिसऱ्या चालीलाच संपलं आणि घड्याळ चालू असताना मला पहिल्यांदा पटाकडे खरंच बघावं लागलं. एवढ्यासाठी तरी ही चाल मुलांना दाखवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

तर विनंती अशी की पुढच्या लेखात लांगेचा हा डाव सगळ्या चालींसकट छापा, आणि नवव्या चालीनंतरची आकृती जरा मोठी द्या.

आपला,
एक नियमित वाचक