पिवळ्या जाकिटातल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या गोळा करत होतात, अंगात पिवळं जाकीट होतं, एवढीच तुमची खूण माझ्याकडे आहे. पंधरा दिवस झाले, पण ती सकाळ आठवली की अजून पोटात गोळा येतो.

आम्ही मायलेक हीथ्रोला उतरलो आणि पुढचं विमान होतं गॅटविकहून. तिकीट काढताना दोन्हीकडे नुसतं 'लंडन' दिसलं, मध्ये पाच तास होते, म्हणून मी निर्धास्त. एलओएन हा अख्ख्या शहराचा कोड, हीथ्रोचा एलएचआर आणि गॅटविकचा एलजीडब्ल्यू, हे शहाणपण काउंटरवर सुचलं. तिथले साहेब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "हे विमान इथून सुटत नाही." मग कुठून, हे विचारेपर्यंत त्यांनी मागच्या माणसाला पुढे बोलावलं होतं. बुकिंगवाल्यांना फोन लावला, तर विमानतळ बदलाची सूचना दिलेलीच आहे म्हणे. होतीच दिलेली. करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. 'सर्वात स्वस्त' हे दोन शब्द मात्र त्याच पानावर हाताच्या अंतरावरूनही वाचता येत होते.

आई एव्हाना बॅगेवर बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा चेहरा वाचता येतो.

तेवढ्यात तुम्ही ट्रॉल्यांची रांग सोडून आलात. गॅटविक तिथून रस्त्याने साठेक किलोमीटर. बस कुठून सुटते ते दाखवलंत, उतरायचं नॉर्थ टर्मिनलला की साउथला तेही तिकिटात शोधून दिलंत. विमान मिळालं, ते त्यामुळेच. पण मी हे लिहायला बसलो ते त्याच्या नंतरच्या गोष्टीसाठी. तुम्ही आईसमोर वाकलात, एका हाताची पाच बोटं पसरलीत आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्यांना जोडलात. "सिक्स. लंडन, सिक्स एअरपोर्ट." मग माझ्याकडे बोट करून नकारार्थी मान हलवलीत. याची चूक नाही, असं. आई हसली, त्या सकाळी पहिल्यांदाच.

खरं तर चूक माझीच होती आणि ते तुम्हाला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तरी म्हाताऱ्या आईसमोर लेकाची अब्रू राखलीत. कोट-टायवाल्या साहेबांपुढे कॉम्प्युटर होता, तुमच्यापुढे पन्नास ट्रॉल्या. मदतीला फार काही लागत नाही हो. समोरच्याचा वेंधळेपणा त्याच्या तोंडावर फेकला नाही, तरी निम्मं काम होतं.

घरी आल्यावर मी असली शहरं हुडकायचा नादच लावून घेतलाय. न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना चालणारं नेवार्क दुसऱ्याच राज्यात आहे. पॅरिसच्या नावावर खपणारं बोव्हे शहरापासून ऐंशीएक किलोमीटर लांब. सगळं आईला वाचून दाखवतो. परवा भाचा फोनवर टोकियोचं तिकीट काढत होता. आईने त्याच्या हातातला फोन धरला आणि दोन बोटं वर केली.

"हानेडा की नारिता? आधी ते बघ."

तुमचा,
बॅगेवर बसलेल्या बाईंचा मुलगा