अण्णा, त्या ठिपक्याला तुम्ही वळसा घातलात

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोल्हापूरला परतून तीन आठवडे झाले. परवा फोनवर मला नीट बोलता आलं नाही, गळा दाटून आला आणि 'बरं, ठेवते' म्हणून मी फोन ठेवला. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांदेखत लिहिते आहे, कारण तुम्ही काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

जानेवारीत हे गेले. मुलाकडे राहायला जायचं ठरलं आणि इथलं, अमेरिकेतल्या ब्रुकफील्डचं, घर मी रिकामं करायला घेतलं. भांडी, पुस्तकं, हिवाळ्याचे कोट यांचं काय करायचं ते कळत होतं. गराजमधल्या टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या विजेच्या करवतीचं, कळत नव्हतं. 22 वर्षं ती करवत यांची होती. मुलाचा पाळणा नाही, पण नातवाचा पाळणा तिच्यावर कापला गेला. मला मात्र ती फक्त आवाजाने माहीत होती, स्वयंपाकघरातून ऐकलेल्या.

तुमच्या आधी तिघांनी तिची किंमत केली. घरातलं सामान विकून देणाऱ्या एक बाई आल्या, त्यांनी दारातूनच बघून 75 डॉलरची चिठ्ठी लावली आणि 'टेबलावरचा तो डाग घासून टाका' असं सांगून गेल्या. दुसऱ्याने उचलून न्यायचे उलट माझ्याकडेच पैसे मागितले. तिसरे आपल्यातलेच, आमच्या घरी कितीदा जेवून गेलेले. ते फोनवरच म्हणाले, 'वहिनी, जुनं धूड आहे ते, देऊन टाका कुणालातरी.' तिघांपैकी एकानेही तिच्यावर हात ठेवून पाहिलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. एखादी वस्तू स्वस्त असेल तर असू दे, पण न बघता स्वस्त ठरवली की ती वापरणारा माणूसच कुणीतरी मोडीत काढल्यासारखं वाटतं.

तुम्ही लेकीकडे सहा महिन्यांसाठी आला होतात. संध्याकाळी चालायला निघालात, आमच्या गराजचं दार उघडं दिसलं आणि रस्त्यावरूनच विचारलंत, 'ताई, बीड कुठलं हे?' बीड म्हणजे ओतीव लोखंड; यंत्राकडे बघून कुणी असं विचारेल हे माझ्या मनातही नव्हतं. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलेला माणूस! आत येताना दाराशी चपला काढल्यात आणि पहिल्यांदा हे सांगितलंत की असली करवत तुम्ही कधी बघितलेली नाही. 'ह्यातले डॉलर मला कळत न्हाईत ताई. लोखंड कळतं.'

मग यांच्याच ड्रॉवरमधली स्टीलची पट्टी काढून टेबलावर आडवी, उभी, तिरपी ठेवलीत आणि बॅटरी माझ्या हातात दिलीत. 'पलीकडनं उजेड मारा आणि तुम्हीच बघा, पट्टीखालनं उजेड येतोय का.' मी गुडघ्यावर बसून पाहिलं. मधे एका ठिकाणी केसाएवढी रेघ, बाकी अंधार. तेलकट कागदात गुंडाळलेलं यांचं डायल गेज, बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारं माप, तुम्हाला सापडलं तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पातं काढून तुम्ही शाफ्ट हाताने हळूहळू फिरवलात आणि काट्यावर नजर ठेवायला मला बसवलंत. काटा एका थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, आतच हलला. आतल्या बिडाला रॉकेल लावून, पुसून, वर खडू घासलात, कुठे तडा असेल तर रॉकेल खडूतून वर येतं म्हणून. आलं नाही. आदल्या तिघांनी एकही गोष्ट माझ्या हातात दिली नव्हती. तुम्ही सगळं मला करायला लावलंत, म्हणजे उद्या कुणी काही म्हटलं तरी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेन.

पण मला खरं लिहायचंय ते पुढचं. टेबलावर गंज धरला होता. तुम्ही तेलाचं फडकं घेऊन तो पुसत होतात, सावकाश, कडेपासून आत. पुसत पुसत त्या ठिपक्यापाशी आलात. गेल्या खंडेनवमीला यांनी लावलेलं हळदकुंकू, बोटाएवढं, कुंकवाखाली गंजाची कड धरलेलं. त्यानंतर ते गराजमध्ये फारसे गेलेच नाहीत. तुमचा हात थांबला. मग त्या ठिपक्याला वळसा घालून फडकं पुढे गेलं. तुम्ही काही विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. गंज म्हणजे काय हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? तरी तेवढा तुम्ही ठेवलात. त्या रात्री, जानेवारीनंतर पहिल्यांदा, मी पोटभर रडले आणि शांत झोपले.

करवतीवरची नावाची पट्टी पुसल्यावर अक्षरं दिसली, डेल्टा आणि खाली मिलवॉकी. तुम्ही गेल्यावर मी शोधत बसले. हिचं नाव युनिसॉ. डेल्टा कंपनीने 1939 साली आणली. पातं तिरकं करायचं तर टेबल कलवावं लागत नाही, आतला शाफ्टच मोटरसकट कलतो. 1945 मध्ये रॉकवेल कंपनीने डेल्टा विकत घेतली, आणि हिच्या पट्टीवर रॉकवेलचं नाव नाही. म्हणजे आपल्या घरापासून अर्ध्या तासावरच्या मिलवॉकीत, त्या सुमारास किंवा त्याआधी घडलेली. मोटरवरचं ते फुगीर झाकण, ज्याला इथले शौकीन हंसाचं अंडं म्हणतात, तेही शाबूत. आणि मोटर मूळचीच. सुरू होताना ती आधी घुमते, मग आतून टक् होतं आणि आवाज सपाट होतो. वेग आला की आतली यंत्रणा कम्यूटेटर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्या, एकमेकींना जोडून शॉर्ट करते आणि पुढे ती साध्या इंडक्शन मोटरसारखी चालते, हे तुम्हीच समजावलंत. 22 वर्षं ऐकलेल्या त्या टक् चा अर्थ मला तेव्हा कळला.

दोषही तुम्हीच लिहून घ्यायला लावलेत, आणि तेच आधी. पात्यावरचं गार्ड नाही. लाकूड पात्यावर मिटू नये म्हणून मागे पाचर असते, ती नाही, त्यामुळे फळी उलटी अंगावर येऊ शकते. तीनपैकी एक पट्टा चिरलेला. 'घेणाऱ्याच्या हाताची बोटं आपल्या हिशेबात धरायची ताई,' म्हणालात. तुम्हाला तिथे विकायचं नव्हतं, घ्यायचं नव्हतं, चहाशिवाय तुम्ही काही घेतलं नाहीत. अनोळखी माणसाच्या बोटांची काळजी करणारी माणसं अजून आहेत, आणि ती संध्याकाळी चालायला निघतात, कुणाच्याही दारावरून जातात. मला ह्याचाच मोठा आधार वाटला.

कपाटं करणारा एक तरुण ग्रीन बेहून आला. दोषांचा कागद त्याने दोनदा वाचला, शाफ्ट स्वतः फिरवला आणि घासाघीस न करता 900 डॉलर दिले. गार्ड आणि पाचर बसवल्याशिवाय चालवणार नाही, हे त्याने आपणहून सांगितलं. ठिपका कसला हेही विचारलं. मी सांगितलं. गाडीत चढवताना त्याने टेबलावर जुनी रजई घातली, ठिपक्यासकट.

डायल गेज मात्र मी विकलेलं नाही. त्याच तेलकट कागदात गुंडाळून तुमच्या लेकीकडे ठेवलंय. दिवाळीत ती येईल तेव्हा तिच्या बॅगेतून येईल. नको म्हणू नका.

तुमची,
ब्रुकफील्डची ताई